पाण्यापलीकडची रेंज

अक्का, त्या अँटेनाच्या बाबतीत शेवटी बरोबर कोण होतं, ते आपलं ठरायचं राहूनच गेलं. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात, पण आपण भांडलो नाही असा एक आठवडा दाखव. तेव्हा आधीच सांगून टाकतो, माझं मत बदललेलं नाही. नियमाप्रमाणे मीच बरोबर होतो. आणि त्या दिवशी तुझे अप्पा सापडले ते तुझ्या हट्टामुळे, हेही माझंच मत आहे. ही दोन मतं एका डोक्यात कशी नांदतात ते मला विचारू नकोस.

तुझी माझी पहिली भेट तोंडावर पडण्याची होती. पडलो अर्थात मी. मिरजेहून नवीनच चेन्नईला आलो होतो, तमिळचा गंध नव्हता, आणि उन्हाचा नुसता राग राग यायचा. आपल्या मोबाइल कंपनीत माझं काम रस्त्यावरचं होतं. सुमोत मागे बसायचं, मांडीवर लॅपटॉप, त्याला जोडलेले दोन-चार फोन, आणि आपला ड्रायव्हर सेल्वम नेईल त्या गल्लीत रेंज कशी आहे ते मोजत जायचं. मधूनमधून ऑफिसला फोन लावून थोडा वेळ बोलत राहायचं, म्हणजे आवाज कसा पोचतो ते पलीकडचं माणूस टिपून ठेवणार. बाकीचे सगळे ‘हॅलो, टेस्टिंग, वन टू थ्री’ म्हणायचे. मला त्याचा कंटाळा आला. पलीकडे कुणी मॅडम आहेत, त्यांना काय कळणार, अशा समजुतीत मी मराठीत मनमोकळं बोलायला लागलो. ऊन, घाम, मेसमधलं तेच ते सांबार, आणि स्वतः एसीत बसून दुसऱ्याला उन्हात हिंडवणाऱ्या मॅडम. बरेच दिवस तू हूं की चूं केलं नाहीस. मग एका दुपारी पलीकडून अगदी शांतपणे आलं, “आवाज स्वच्छ येतो. तक्रारी सगळ्या नीट ऐकूं येतात. आतां पुढच्या चौकांत जावा.”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. तुम्ही मराठी आहात का, असं कसंबसं विचारलं. तंजावरचे आम्ही, तुमच्या थोडे आधी आलो इकडे, असं तू म्हणालीस. थोडे आधी म्हणजे तीनशे वर्षं, हा हिशेब मला पुढे कधीतरी लागला.

तुझं मराठी ऐकून मला सुरुवातीला हसू यायचं. जुन्या बखरीतलं वाक्य सुरू व्हायचं आणि ‘सरी सरी’ असं तमिळ ‘बरं बरं’ म्हणत संपायचं. तू माझ्या मराठीला वर्तमानपत्री म्हणायचीस. वर्षभर मी तुला ‘मॅडम, तुम्ही’ करत राहिलो. पुढे माझ्या तापात तुझ्या घरून डबा येऊ लागला, तेव्हा तुम्हीचं तू कधी झालं आणि मॅडमची अक्का कधी झाली ते मला कळलंही नाही. गोड बातमी द्यावी तसं तू एकदा सांगितलंस की तुझी मुलगी घरात तमिळ बोलते, शाळेत इंग्रजी, त्यामुळे मराठीत भांडायला आता अप्पांनंतर मीच उरलोय. ते काम मी मनापासून केलं.

आपल्या भांडणाचं मूळ अँटेनात होतं. जे कुणी हे वाचतील त्यांच्यासाठी थोडं सांगतो, तू कपाळाला हात लावू नकोस. मोबाइल कंपनीला मोजक्याच फ्रिक्वेन्सी मिळतात. शहर मोठं, टॉवर शेकड्यांनी, तेव्हा तीच फ्रिक्वेन्सी लांब लांबच्या टॉवरना पुन्हा पुन्हा वाटून द्यावी लागते. लग्नघरात ‘बंड्या’ म्हणून हाक मारली की तीन बंड्या उठतात, तसं व्हायला नको म्हणून प्रत्येक टॉवरने आपल्या आवाक्यात बोलायचं असतं. एखादा टॉवर फार उंचावर असला की त्याचा आवाज लांब जातो आणि तिथे तीच फ्रिक्वेन्सी वापरणाऱ्यांच्या बोलण्यात खरखर होते, फोन तुटतात. मग त्या अँटेनाची मान थोडी खाली वाकवायची. एवढंच ते शास्त्र, आणि त्यावर माझं पोट चालतं.

तोरैपाक्कमला, आयटी कंपन्यांच्या रस्त्यावर, एका उंच इमारतीच्या गच्चीवर आपली एक अँटेना होती. तिचं तोंड पळ्ळिकरणैच्या पाणथळीकडे. मधे नुसतं पाणी आणि लव्हाळं, अडवायला काही नाही. त्यामुळे तिचा आवाज पाण्यावरून सरळ पलीकडच्या काठाला जाऊन पोचायचा आणि तिथून पुढे माझ्या चांगल्या चाललेल्या भागात घाण करायचा. वेलचेरीच्या फ्लॅटमधले लोक तक्रारी करून करून थकले होते. मी दर मीटिंगमध्ये म्हणायचो, हिची मान खाली करा. तू दर वेळी नाही म्हणायचीस. पलीकडच्या काठाला, पेरुंबाक्कमच्या अलीकडे, एक वस्ती होती. तिथे आपला टॉवर नव्हता, आणि त्या लोकांना जी काही रेंज होती ती या आगाऊ अँटेनाचीच होती.

“तुझ्या कागदांत ती खरखर अहे,” तू म्हणालीस, “त्यांच्या घरांत तो फोन अहे.”

मी म्हणालो, त्यांच्यासाठी नवा टॉवर मागा, हा काय शिस्तीचा मार्ग झाला? तू म्हणालीस, टॉवर उभा राहू दे, मग ये मान वाकवायला. सूनबाई आहे का ती, येता जाता मान खाली घालायला? मीटिंगमधल्या तमिळ लोकांना यातलं अक्षर कळलं नाही, पण सगळे हसले. माझा संताप झाला. शेवटी साहेबांनी माझ्या बाजूने कौल दिला आणि अँटेना वाकवायचा दिवस ठरला. त्या दिवशी पाऊस लागला आणि गच्चीवर चढणारी माणसं आलीच नाहीत. पाऊस पुढे थांबायचं नावच घेईना.

मधेच आठवलं म्हणून सांगतो. आपल्याकडे विक्री विभागातला एक गोरागोमटा माणूस यायचा, लग्न ठरलेला. एकदा तुझ्या टेबलापाशी येऊन लाजत म्हणाला, माझ्या होणाऱ्या बायकोचा फोन आत्ता कुठे आहे, एकदाच बघून सांगा ना. तुझा चेहरा मी तेव्हा पाहिला. पोलिसांचं पत्र असल्याशिवाय कुणाचा फोन कुठे आहे ते बघायचं नाही, हा नियम सगळ्यांना पाठ होता, पण पाळायची तू. तू त्याला तमिळमध्ये सांगितलंस की त्यासाठी यंत्र नको. तिला हाक मारा, ओ देते का बघा, आणि देत नसेल तर लग्नाचा पुन्हा विचार करा. तो बिचारा परत त्या मजल्यावर फिरकला नाही. ऐकलंय की त्यांचं बरं चाललंय.

हाक आणि ओ हे तुझे नेहमीचे शब्द. नव्या मुलांना शिकवताना तू तमिळमध्ये शिकवायचीस, पण हे दोन शब्द मराठीच ठेवायचीस. फोन खिशात गप्प पडलेला असतो तेव्हा तो नेमका कुठे आहे हे नेटवर्कलाही ठाऊक नसतं. शहराच्या अमुक एका मोठ्या तुकड्यात आहे, एवढंच माहीत. कुणी फोन लावला की त्या तुकड्यातले सगळे टॉवर एकदम हाक मारतात. फोन ओ देतो, आणि मग कळतं की तो कुठल्या टॉवरखाली आहे. माणसाने फोन उचलायच्याही आधी फोनने ओ दिलेली असते.

हे सगळं अप्पांच्या वेळी कामाला आलं. तेव्हा अप्पांची आठवण विरत चालली होती. जन्मभर तंजावरच्या शाळेत गणित शिकवलेले तुझे वडील वेलचेरीत तुमच्या फ्लॅटमध्ये राहत होते आणि अधूनमधून शाळेची वेळ झाली म्हणून सदरा चढवत होते. म्हणून तू त्यांच्या खिशात एक फोन ठेवला होतास. त्यांना तो आपला वाटतच नव्हता. वाजला की ते म्हणायचे, कुणाचं तरी वाजतंय.

त्याच पावसात एका दुपारी वेलचेरीत पाणी चढत होतं. तुझा नवरा मुरली श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेला, आणि त्याची कंपनीची बस वाटेत कुठेतरी अडकलेली. अप्पांवर लक्ष ठेवणाऱ्या शेजारीणबाई तळमजल्यावरचं सामान वर नेत होत्या, तेवढ्यात अप्पा सदरा घालून बाहेर पडले. कुणीतरी त्यांना मोठ्या रस्त्यावर शेअर ऑटोत चढताना पाहिलं. शेजारीणबाईंचा फोन आला तेव्हा मी तुझ्या समोर होतो. तू खुर्चीचा हात घट्ट धरलास.

मी लगेच संगणकाकडे धावलो. तू म्हणालीस, थांब, साहेबांना विचारू दे. अक्का, तेव्हा मला तुझा इतका राग आला होता की सांगता सोय नाही. बाप पाण्यात हरवलाय आणि ही नियम बघत बसली आहे. तू फोनवर साहेबांना हळू आवाजात सांगितलंस की फोन माझ्याच नावावर आहे, गिऱ्हाईक मीच आहे आणि मीच शोधायला सांगते आहे. त्यांनी अर्थातच हो म्हटलं. तेवढा वेळही मला जड गेला. तुला किती जड गेला असेल, ते मी कधी विचारलं नाही.

मग तू अप्पांचा नंबर लावलास. रिंग गेली. उचलला नाही, पण फोनने ओ दिली होती. पडद्यावर टॉवरचं नाव आलं, तोरैपाक्कम. मी ओरडलोच, आयटीच्या रस्त्याला आहेत, सिरुसेरीकडे जाणाऱ्या ऑटोत बसले असणार. सेल्वमला हाका मारत मी जिना उतरायला लागलो. अर्ध्या जिन्यात लक्षात आलं की तू मागे नाहीस. तू पडद्यासमोर बसून होतीस.

“सुधीरा, वर ये,” तू म्हणालीस. “ही तीच अहे. आपली भांडणाची.”

मी परत वर आलो. जिच्याविरुद्ध मी इतके महिने बोललो होतो त्या अँटेनाचं नाव समोर होतं, आणि घाईत मला फक्त टॉवरचं नाव दिसलं, तिचं तोंड कुणीकडे आहे ते दिसलं नव्हतं. फोन टॉवरशी बोलतो तेव्हा त्याला पोचायला किती वेळ लागतो त्यावरून अंतर साधारण कळतं, अर्ध्या अर्ध्या किलोमीटरच्या पायऱ्यांनी. तू त्या पायऱ्या बघितल्यास. अप्पा टॉवरपासून चांगलेच लांब होते. भिंतीवरच्या नकाशावर तू बोट ठेवलंस आणि अँटेनाच्या तोंडाच्या दिशेला पाण्यावरून नेत गेलीस. एवढ्या अंतरावर जमीन फक्त एकाच ठिकाणी लागत होती. ती वस्ती. आपण दोघे खाली पळालो.

गाडीत तू पुन्हा पुन्हा नंबर लावत होतीस. रिंग जाते आहे, एवढं म्हणायचीस आणि परत लावायचीस. मला भीती होती ती बॅटरीची, तुलाही तीच असणार, पण तो शब्द कुणी काढला नाही. रस्त्यावर गुडघाभर पाणी होतं. सेल्वम त्याच्या देवांची नावं घेत गाडी काढत होता. वस्तीच्या तोंडाशी इडलीचं एक छोटं दुकान होतं, वर निळं ताडपत्रीचं छप्पर. आत बाकावर अप्पा बसलेले, खांद्यावर कुणाचा तरी कोरडा टॉवेल. दुकानवाल्या बाईने आपल्याला तमिळमध्ये सांगितलं की आजोबा ऑटोतून उतरले आणि शाळा कुठे म्हणून विचारत होते. तिने त्यांना बसवून ठेवलं, दोन इडल्या खायला घातल्या. खिशातला फोन सारखा वाजत होता, पण आजोबा हात लावू देत नव्हते. दुसऱ्याची वस्तू आहे म्हणाले.

अप्पांनी तुला पाहिलं आणि म्हणाले, “पद्मी, उशीर केलास.”

“होय अप्पा,” तू म्हणालीस, “वाटेंत पाणी होतं.”

मग तू बाहेर येऊन छपराच्या कडेला उभी राहिलीस. समोर ते सगळं पाणी, आणि त्याच्यापलीकडे पावसात पुसट दिसणारी ती उंच इमारत. तू रडत होतीस आणि तुझं तुला कळत नव्हतं.

“बघितलास ना?” तू म्हणालीस. “मान वर करून बघत होती म्हणून सांपडले.”

मी म्हणालो, तरी नियमाने ती खालीच पाहिजे. तू रडता रडता हसायला लागलीस, आणि मीही. आत अप्पा दुकानवाल्या बाईला इडलीचे पैसे कोण देणार म्हणून विचारत होते. इतकं सुख मला त्या शहरात आधी कधी झालं नव्हतं. तुला हे सांगायचं राहून गेलं, आता सांगतो.

पुढे वस्तीत टॉवर उभा राहिला, आणि त्याच आठवड्यात तू स्वतः येऊन म्हणालीस, “आतां वाकव तिला.” मी वाकवली. तक्रारी थांबल्या. मी म्हणायचो, शेवटी झालं ना माझ्या मनासारखं? तू म्हणायचीस, मी सांगितल्यावर झालं. हा वाद आपण नंतर कितीतरी वर्षं पुरवून पुरवून खाल्ला, लोणच्यासारखा.

त्या पावसानंतर तू अप्पांना हिरवं बटण शिकवलंस. त्याला किती महिने लागले देव जाणे. पण रोज दिवेलागणीला तू ऑफिसातून फोन लावायचीस, आणि पलीकडून हॅलो नाही, तर खणखणीत ‘ओ’ यायची. तू विचारायचीस, काय करता? ते म्हणायचे, इथेंच अहे. झालं, फोन खाली. एवढ्यासाठी तू हातातलं काम सोडायचीस. कामाची बैठक चालू असली तरी साहेबसुद्धा तेवढा वेळ गप्प बसायचे, आणि नव्या मुलांना त्या ‘ओ’वरून घड्याळ लावायची सवय झाली होती.

तू आजारी पडलीस तेव्हा हॉस्पिटलातही तो फोन चुकवला नाहीस. आवाज अगदी बारीक झाला होता तरी. शेवटच्या आठवड्यात मी आलो तेव्हा तू फोन ठेवलास आणि माझ्याकडे बघत राहिलीस. तुला काही सांगायचं होतं. पण नर्स आली, मग मुलगी आली, मग तू विचारलंस की नव्या थ्रीजीच्या चाचणीचं कुठवर आलं. मी सविस्तर सांगत बसलो. तू डोळे मिटून ऐकलंस आणि मधेच एक चूकही काढलीस. ती चूक खरोखरच होती, ते मी दुसऱ्या दिवशी तपासलं.

तेराव्याला मुरलीने मला बाजूला घेतलं. अप्पांना तुझं जाणं समजलंय की नाही ते कळत नाही म्हणाला. सांगितलं की मान हलवतात आणि मग विसरतात. फक्त दिवेलागणीला फोन हातात घेऊन खुर्चीत बसतात आणि अंधार पडेपर्यंत उठत नाहीत. मुरली हे सांगत असताना मला ते हॉस्पिटलातलं तुझं बघणं आठवलं. तू काय सांगणार होतीस ते तेव्हा कळलं, आणि तू ते सांगितलं नाहीस कारण ते मला सांगावं लागणार नाही हे तुला ठाऊक होतं, अशी मी माझी समजूत करून घेतली आहे. ती खोडून काढायला तू येणार नाहीस, तेव्हा या वादात तरी मी जिंकलो.

आता रोज मी फोन करणार आहे. आज दिवेलागणीला पहिला लावला. रिंग पुरती वाजलीही नसेल, पलीकडून ‘ओ’ आली, तशीच खणखणीत. मी म्हणालो, अप्पा, मी सुधीर. काय करता? त्यांनी विचारलं, “पद्मी कोठें अहे?”

अक्का, इतकी वर्षं मी हेच काम करतो. कोण कुठे आहे, कुठल्या टॉवरखाली, किती लांब. आणि मला बोलता येईना. ते वाट बघत होते. तास घेताना मुलाचं उत्तर अडलं की मास्तर थांबतात ना, तसे थांबले होते. मग आपणच समजुतीने म्हणाले, “पहिल्या हांकेला ओ देत नाहीं ती. कामांत असते. तूं आणखी एकदां हांक मार.”

मी बरं म्हणालो. “मी इथेंच अहे,” असं सांगून त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर मी घरी आलो आणि हे लिहायला बसलो, अक्का.